चिन्यांना वाक्यं देणारे सगुणभावजी

ईशान, मुक्ता, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मला हाँगकाँगच्या त्या जुन्या विनोदी मारामारीच्या सिनेमांची गोष्ट सांगितलीत. पाच मित्र, पाचही बिनकामाचे, चोरीला गेलेला हिरा, काळा चष्मा लावणारा गुंड, प्रत्येक भागात तीच मंडळी, आणि शिड्या न् स्टुलं घेऊन एकमेकांना बडवणं. ईशान म्हणाला, "आजी, तुला हे काही माहीत नसणार." मी ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर मात्र मला राहवेना, कारण त्याने सांगितलेली गोष्ट चुकीची आहे. हिऱ्याचा तिथे काही संबंध नाही. त्या पाच जणांच्या माटोळीची फळं चोरीला गेली होती, चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर आपण टांगतो ती. आणि काळा चष्मा लावणारा तो माणूस गुंड नव्हता, भाटकार होता, म्हणजे आपल्याकडचा जमीनदार. निदान आपल्या पार्से गावात तरी तसंच होतं, आणि पार्सेत हे सिनेमे तुमच्या जन्माच्या कितीतरी आधी पाहून झाले होते.

ते कसं झालं, हे लिहूनच ठेवते. फोनवर सांगायला गेले की मुक्ता मध्येच हसते आणि माझा क्रम चुकतो.

आपल्या शेजारच्या घरात सगुण नावाचे गृहस्थ राहायचे. तुमच्या आजोबांचे चुलतभाऊ, म्हणून मी त्यांना सगुणभावजी म्हणायची, आणि ते मला वयनी. सगुणभावजींची खोड एकच, पण ती चोवीस तासांची. समोरच्याने तोंड उघडायच्या आत ते त्याला त्याचं पुढचं वाक्य कुजबुजून सांगत.

ते देवळाच्या उत्सवातल्या नाटकाचे प्रॉम्प्टर होते. जन्मभर तेच केलं. काजूची थोडी बाग होती, तिच्यावर पोट चाले, पण तुम्ही काय करता असं कोणी विचारलं तर सांगत, "वाक्यां दितां." विंगेत वाकून बसून बसून पाठीला कायमचा बाक आला होता. उंच माणूस, पण चालताना घडी घातलेल्या छत्रीसारखा दिसे. आणि त्यांची ती कुजबुज. नाव कुजबुज, पण देवळाच्या तळीपलीकडे ऐकू जाई. लोक म्हणत, पार्सेत एका नाटकात दोन नाटकं ऐकायला मिळतात, आधी सगुणचं आणि मागाहून नटांचं.

नाटक वर्षातून एकदा. उरलेलं वर्षभर ते काय करणार? मग जो सापडेल त्याला वाक्य देत. मांद्र्याहून मासे घेऊन रोझी आमच्या दाराशी आली की हे कुंपणाजवळ हजर. मी काही बोलायच्या आत मला, "महाग आसा म्हणा." लगेच रोझीकडे वळून, "आत्तांच होडयेतल्यान काडला म्हण." रोझी एकदा टोपली खाली ठेवून म्हणाली, "बाब, तूं कोणाच्या बाजूचो तें एकदां सांग."

"माका बाजू नाय," सगुणभावजी म्हणाले. "मी विंगेतलो."

सत्यनारायणाच्या पूजेत भटजी श्वास घ्यायला थांबले की पुढचा शब्द सगुणभावजींकडून येई. भटजी चिडून म्हणत, "सगुण, मला येतं." त्यावर उत्तर ठरलेलं, "येता म्हणान गप ऱ्हावचां?" नारळ काढणारा पाडेली माडावर चढला की खालून सुरू, "उजवो पाय. आतां डावो. आतां कोयतो." पाडेली वरून विचारी, "सगुणबाब, माडार कोण आसा, तूं काय हांव?"

त्यांचं लग्न झालं नाही, तेही ह्याच पायी. एकदाच मुलगी पाहायला गेले होते. मुलीला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं हेच तिला कुजबुजून देत बसले. मुलीच्या बापाला वाटलं, दोघांची आधीपासून ओळख आहे. त्याने चहाच्या आत सगळ्यांना वाटेला लावलं.

तुमच्या आईला पाहायला मंडळी आली, त्या दिवशी मी सगुणभावजींना मुद्दाम नारळ आणायला पाठवलं होतं. तुमच्या बाबांच्या वडिलांनी विचारलं, "स्वयंपाक येतो का?" आणि मागच्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून, कुजबुज आली, "सगळां येता म्हण. सोलकढी सोडून." तुमची आई मान खाली घालून तेवढं तसंच्या तसं म्हणाली. सगळे जनेलाकडे वळले. एकटे तुमचे बाबा हसले. ते हसले म्हणून मी होकार दिला, हे त्यांना अजून माहीत नाही.

पण हे फार नंतरचं. क्रमाने जाऊ.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या थोडं आधीचा काळ. राजभाषा कोणती, कोंकणी की मराठी, ह्यावरून सगळा गोवा पेटला होता. आज तुम्हाला खरं वाटणार नाही, पण जेवणाच्या पंगतीत माणसं पाट उचलून दुसऱ्या रांगेत जाऊन बसत. आपल्या पेडणे तालुक्यात तर पंचाईत अशी की दोन्ही बाजूंची माणसं घरी बोलत एकच. त्यामुळे भांडण कोणत्या भाषेत करायचं, इथूनच सुरुवात.

उत्सवाच्या नाटकात त्या वेळी दोन मोठे नट होते. जयराम मास्तर आणि उत्तम शिंपी. जयराम मास्तर शाळेत मराठी शिकवत, माझ्याच शाळेत. मी इंग्रजीच्या तासाला बाहेर पडले की ते मराठीच्या तासाला आत शिरत. नाटकात ते नायक. उत्तम शिंपी नायिका. अंगाने चांगला भरलेला माणूस, पण नऊवारी नेसून पडद्याआडून एक पाऊल बाहेर टाकलं की बायका आपले पदर सारखे करत. दोघं इतकी वर्षं रंगमंचावर नवरा-बायको होते की जयराम मास्तरांची खरी बायको उत्तमला "सवतीबाय" म्हणून हाक मारी, आणि उत्तम तिला ब्लाउज फुकट शिवून देई.

त्या वर्षी नाटक कोणत्या भाषेत करायचं, ह्यावर बैठक बसली. बैठक नेहमीप्रमाणे सगुणभावजींच्या साळेत, म्हणजे घरातल्या पुढच्या मोठ्या खोलीत. तालमीही तिथेच होत. एकट्या माणसाचं घर, पण वर्षातले कितीतरी महिने त्या साळेत पाय ठेवायला जागा नसे. त्या दिवशी मी माझ्या बाल्कांवात, दारापुढच्या पडवीत, उभी होते आणि सगळं ऐकलं. ऐकायला जवळ जावं लागलं नाही.

जयराम मास्तर अस्सल कोंकणीत सांगत होते की मराठीच आपली भाषा. उत्तम शिंपी नाटकातल्या भरजरी मराठीत सांगत होता की कोंकणीच आपली मायबोली. दोघंही तापलेले. आणि तापलेला माणूस अडखळतो. तो अडखळला की सगुणभावजींच्या तोंडून वाक्य निघणारच. जयराम मास्तर "ह्या गांवान" म्हणून थांबले, पुढचं सगुणभावजींनी दिलं. उत्तम "आमच्या आयांनी आम्हांला" म्हणून थांबला, त्यालाही दिलं. दोन्हीकडचं भांडण तेच पुरवत होते आणि त्यांच्या ते गावीही नव्हतं. शेवटी उत्तम उठून उभा राहिला. बोट रोखलं आणि म्हणाला, "जयराम, आजपासून तू आणि मी..."

आणि पुढचं सुचेना. मला वाटतं, पुढे काही म्हणायचं नव्हतंच. पाणी पिऊन खाली बसला असता.

कोपऱ्यातून कुजबुज आली, "एका रंगमंचावर उभे राहणार नाही."

"एका रंगमंचावर उभे राहणार नाही," उत्तम म्हणाला.

वाक्य चांगलंच वजनदार होतं. असं वाक्य बोलल्यावर नटाला निघून जावंच लागतं. उत्तम गेला. जयराम मास्तर दुसऱ्या दाराने गेले. त्यांच्या मागोमाग बाकीची मंडळी, काही ह्या दाराने, काही त्या दाराने. त्या वर्षी नाटक झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सगुणभावजी कुंपणाजवळ आले. मला म्हणाले, "वयनी, ता वाक्य माझा होता."

त्यानंतर त्यांनी वाक्य देणं बंद केलं. एकदम बंद. रोझी टोपली घेऊन यायची, भाव सांगायची, कुंपणाकडे बघायची. तिकडून काहीच नाही. पुढच्या पूजेत भटजी श्वासाला थांबले, नेहमीच्या सवयीने कान देऊन वाट बघत राहिले, आणि खरोखरच विसरले. पाडेली माडावर चढून अर्ध्यावर थांबला आणि खाली विचारलं, "सगुणबाब, बरें आसा मरे?" सगुणभावजींनी नुसती मान हलवली. साळेचं दार दिवसाही लावलेलं दिसू लागलं.

अशात त्यांचा भाचा आला. तो बोटीवर नोकरीला होता. त्याने मामासाठी हाँगकाँगहून एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर आणि खोकंभर कॅसेटी आणल्या. दुकानदाराने स्वस्तात दिल्या म्हणून न बघता उचललेल्या. सगळ्या त्या एकाच मालिकेच्या, सगळ्या चिनी भाषेत. खाली इंग्रजी अक्षरं होती, पण ओळीची दोन्ही टोकं पडद्याबाहेर, आणि मधले शब्द पांढऱ्या शर्टांवर पांढरे. मला इंग्रजी येतं म्हणून पहिल्या दिवशी बोलावलं होतं. मला दिसलं ते एवढंच, "यू माय" आणि "द डक". भाचा शरमला आणि चार दिवसांनी बोटीवर निघून गेला.

सगुणभावजी मात्र पडद्यासमोरून उठले नाहीत. तोच भाग त्यांनी पुन्हा लावला. मग दुसरा. मग मला हाक मारली, कितीतरी महिन्यांनी. "वयनी, पळया. हो जाडो पयल्या भागात चोर होतो. हांगा पोलीस. आणि हो, हो पयल्या भागात मेल्लो."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय? मंडळी आसा ही. नाटक मंडळी. एक वर्स राजा, एक वर्स भालदार." त्यांचे डोळे चमकत होते. "पाचय एका ताटात जेवणारे आसत. मारतत कसे पळया. खऱ्या दुस्मानाक कोण इतक्या जपान मारता?"

आणि पडद्यावर जाड्याने तोंड उघडलं, तशी सगुणभावजींच्या ओठांतून कुजबुज निघाली. बरोब्बर त्या ओठांवर बसणारी. इथेच सगळं सुरू झालं. जिवंत माणसांना वाक्य द्यायची भीती बसली होती; ह्या पाच जणांना दिलं तर कोणाचं काय बिघडणार?

पहिल्या रविवारी दुपारी मी आणि देवकीआत्या, एवढ्याच. देवकीआत्या म्हणजे समोरच्या घरातली म्हातारी. तिला कोणत्याही खेळात मेलेल्या माणसाची फार काळजी. पुढच्या रविवारी साळ भरली. मग बाल्कांव भरलं, मग जनेलं. रस्त्याच्या कामावर बेळगावकडून आलेले गवंडी होते, तेही येऊन मागे उभे राहू लागले. पडद्यावर पाचही जण बांबूच्या परांचीवर चढून मारामारी करत, तेव्हा त्यांचा मुकादम मारुती उभ्या उभ्या शेरे मारी, "गाठ कच्ची हाय. पडतंय बघ आता." आणि पडायचंच. मग एक दिवस तो म्हणाला, "सगळ्यास्नी तुमचीच बोली. त्या बारक्याला आमच्याकडचा आवाज द्या की." सगुणभावजींनी लगेच दिला. पाचातला सगळ्यात बारका चिनी त्या दिवसापासून "काय की वो" म्हणू लागला, आणि गवंड्यांनी असा गलका केला की टीव्हीवरची फुलदाणी खाली पडली.

गोष्ट सगुणभावजींचीच. जाड्या गुंडावर पिस्तूल रोखून काहीतरी विचारी, आणि आम्हाला ऐकू येई, "भाटकारानु, आमच्या माटोळीची तोरिंगां खंय लिपयल्यात?" म्हणजे फळं कुठे लपवलीत. उंच इमारतीच्या गच्चीवर झटापट चाले, तेव्हा चर्चा असे गणपतीच्या आधी सुपारीचे घोस कोणी उतरवले ह्याची. मी एकदा न राहवून म्हटलं, "भावजी, खाली डायमंड असं लिहिलंय."

"वयनी," ते म्हणाले, "ता खाली लिवणाऱ्याक काय कळता? तेका मंडळी थोडीच ठाऊक आसा?"

पडद्यावरचा एक जण गच्चीवरून खाली गेला. देवकीआत्याने कपाळाला हात लावला. "गेलो बापडो."

"गेलो नाय आत्या, फुडल्या भागात आसा. मामलेदार जावन येता."

"बढती मेळ्ळी मरे," देवकीआत्या म्हणाली आणि पानाचा डबा उघडला.

आता मुद्द्याकडे येते. पाच चिन्यांना पाच आवाज होते, आणि ते आवाज आमच्या ओळखीचे होते. जाड्या बोलायचा उत्तम शिंप्याच्या आवाजात, त्याच्याच कोंकणीत, मध्ये मध्ये दोरा तोडल्यासारखं "टच्" करून. पाचांचा पुढारी बोलायचा जयराम मास्तरांच्या आवाजात, सगुणभावजींना जमेल तितक्या शुद्ध मराठीत, प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करून. बारका गवंड्यांना दिलेला, बाकीचे दोघंही नाटकातलेच. साळेत रिकाम्या भिंतींना टेकून जी माणसं तालमी करायची, ती सगळी आता पडद्यात येऊन बसली होती आणि हसत-खिदळत एकत्र राहत होती. रविवारी दुपारपुरती.

ही बातमी उत्तमच्या दुकानी पोहोचायला वेळ लागला नाही. पुढच्या रविवारी तो जनेलाच्या बाहेर उभा. आत यायला तयार नाही. खेळ संपल्यावर बाहेरूनच म्हणाला, "सगुण, जाडो हांव?"

"मग कोण? मी?"

"ती पुलीस बाय आसा मरे." त्या सिनेमांत एक देखणी पोलीस अधिकारीण होती. तिला सगुणभावजी जेमतेम आवाज देत, बाईचा आवाज त्यांना जमत नसे. "बायलेचें काम सदांच म्हजें. तुका खबर आसा."

"खबर आसा. मग येवन म्हण."

"हांव ताच्या वांगडा रंगमंचार उबो रावचो ना."

"रंगमंच खंय आसा?" सगुणभावजी म्हणाले. "ही साळ. आणि बसान म्हण, उबो ऱ्हाव नको."

उत्तमने ह्यावर विचार केला असावा. पुढच्या रविवारी तो आत आला, टीव्हीच्या डाव्या बाजूला बसला, गळा मोकळा केला आणि त्या पोलीस बाईला असा काही आवाज दिला की माझ्या शेजारच्या दोन बायकांनी पदर सारखे केले.

जयराम मास्तर आले ते वेगळ्या कारणाने. शाळेच्या ओसरीवर त्यांनी मला गाठलं. "टीचर, ऐकतो ते खरं का? माझा चिनी 'मी तुला सांगितलो' असं म्हणतो?"

"कधीकधी," मी म्हटलं.

"माझ्या तोंडी अशुद्ध मराठी," ते म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

रविवारी ते उजव्या बाजूला कदेल, म्हणजे खुर्ची, घेऊन बसले, पाठ अर्धी उत्तमकडे. आता दोघंही होते. पण पुढारी आणि पोलीस बाई समोरासमोर आले की दोघंही एकदम गप्प, आणि मधलं संभाषण घाईघाईने सगुणभावजीच उरकत. पाठीमागच्या कपाटाआड बसून. हे दोघं नट पडद्याजवळ बसू लागल्यापासून ते तिथेच बसत, पडदाही नीट दिसत नसे तिथून.

असे काही रविवार गेले. मग एका दुपारी त्यांनी एक नवी कॅसेट लावली. म्हणजे आम्हाला नवी. त्यांनी एकट्याने ती किती वेळा पाहिली होती कोण जाणे. तिच्यात पुढारी इस्पितळात पडलेला, पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला. पोलीस बाई चौकशीला येते आणि दोघं पुष्कळ वेळ बोलत बसतात. दुसरं कोणी खोलीत नाही.

उत्तमने सुरुवात केली. करावीच लागली, बाईचं तोंड हलू लागलं होतं. "किदें रे. दुखता?"

पडद्यावर पुढाऱ्याचं तोंड हलू लागलं. आवाज नाही. साळेत सगळे कपाटाकडे बघू लागले. तिथूनही काही नाही. पुढारी हातवारे करतोय, ओठ हलताहेत, आणि आम्हाला फक्त व्हीसीआरची घरघर ऐकू येते. जयराम मास्तरांच्या मानेची शीर फुगली होती. नट वाक्य विसरला की असा दिसतो.

"चिनी मुको जालो काय?" देवकीआत्याने विचारलं.

मी कपाटाच्या बाजूला बसले होते, मला सगुणभावजी दिसत होते. तोंडावर हात दाबून धरला होता. पूर्वी ह्याच साळेत बसून दिलेलं एक वाक्य त्यांना पुरेसं महाग पडलं होतं. मग त्यांनी हात काढला. आणि ह्या खेपेस पडद्यातल्या माणसाला नाही, खुर्चीतल्या माणसाला वाक्य दिलं.

"गुडघो कसो आसा, विचार."

तळीपलीकडे ऐकू गेलं असेल.

आता प्लास्टर पुढाऱ्याच्या पायाला. गुडघ्याची चौकशी त्याने बाईकडे करायची काही गरज नव्हती. पण साळेत प्रत्येकाला कळलं. भांडणानंतरच्या पावसाळ्यात उत्तम मोटारसायकलवरून पडला होता आणि गुडघा फुटला होता. सगळं पार्से त्याला बघून आलं होतं. जयराम मास्तर गेले नव्हते. मास्तरांची बायको सांगायची की दोनदा कपडे घालून निघाले आणि दोनदा फाटकातून परत आले. जाऊन काय बोलायचं ते सुचत नाही म्हणाले.

जयराम मास्तरांनी घसा साफ केला. पडद्याकडेच बघत म्हणाले, "गुडघा कसा आहे तुझा?"

उत्तमही पडद्याकडेच बघत होता. "बरो आसा," तो म्हणाला. बाईचा आवाज विसरून, स्वतःच्या.

नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर खिडकीतून चार गुंड आत आले, पोलीस बाईने उडी मारली आणि त्याच गुडघ्याने पहिल्या गुंडाला दारासकट बाहेर घालवलं.

"बरो आसा म्हणता तां खरांच," देवकीआत्या म्हणाली.

त्यानंतर साळेत जे हसू फुटलं तसं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. मारुती मुकादम भिंतीला धरून खाली बसला. पण खरी मजा पुढे. पडद्यावर इस्पितळ मोडत होतं, सलाइनच्या बाटल्या, खाटा, पुढारी एका पायावर प्लास्टर फिरवून गुंडांना झोडपतोय, आणि दोन्ही बाजूंनी संभाषण चाललेलंच.

"पायऱ्या चढवतात?"

"चडटां. देंवतना दुखता."

"लावतोस काय?"

"तिळेल."

"तिळाच्या तेलाने काय होणार आहे? उंडीचं लाव."

"उंडेल खंय मेळटा आतां?"

"माझ्याकडे आहे."

एक गुंड लिफ्टमध्ये अडकला. बाई औषधांच्या कपाटावरून उडी मारून खाली आली. "मागीर दिवंक जायनाशिल्लें?" ती म्हणाली, म्हणजे मग द्यायला काय झालं होतं. चिनी भाषेतल्या शिव्यांना हे इतकं चपखल बसलं की मारुतीने टाळी वाजवली.

सिनेमा संपला. पडद्यावर मुंग्या आल्या. कोणी उठलं नाही, कारण ते दोघं संपले नव्हते. उंडीच्या तेलावरून ते आधीच्या एका नाटकात तुटलेल्या मंगळसूत्रावर आले, तिथून मास्तरांच्या मुलाच्या शर्टाच्या मापावर. आता एकमेकांकडे तोंड करून. मास्तर कोंकणीत बोलत होते आणि उत्तम मराठीत, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. हळूहळू आम्ही बाकीचे चपला शोधून बाहेर पडलो.

मी माझ्या बाल्कांवात येऊन उभी राहिले. अजून उजेड होता. थोड्या वेळाने दोघं बाहेर आले आणि रस्त्याला लागले, उत्तम जरा लंगडत, मास्तर त्याच्या चालीने. सगुणभावजी त्यांच्या मागे दारापर्यंत आले आणि चौकटीला धरून उभे राहिले. ते दोघं वळणापर्यंत पोहोचले होते, तिथून ह्यांची कुजबुजसुद्धा ऐकू गेली नसती. तरी सगुणभावजींचे ओठ हलत होते. एकदा ह्याच्यासाठी, एकदा त्याच्यासाठी. ते दोघं दिसेनासे झाले तरी हलत होते. मग थांबले. मी हाक मारली, "भावजी, च्या करतेय, या." ते आले. कपातला च्या बशीत ओतला. मग म्हणाले, "वयनी, घरात इतकी माणसां होती. आत्तां साळ परत झाडूची लागतली." आणि ते इतकं खुशीत म्हणाले की मला दुसरीकडे बघावं लागलं.

मग पुढच्या उत्सवात नाटक झालं. अर्धं मराठीत, अर्धं कोंकणीत. भांडणारी पात्रं मराठी बोलत आणि समजूत काढणारी कोंकणी, की उलट, ते मला आठवत नाही. प्रॉम्प्टरचं काम सगुणभावजींनीच केलं, पुढेही पुष्कळ वर्षं केलं, आणि विंगेत बसूनच त्यांना शेवटचं दुखणं आलं.

कॅसेटींना बुरशी आली, त्या फेकून द्याव्या लागल्या. व्हीसीआर भाच्याने नेला. साळ आता भाड्याने दिलेली आहे, तिथे योगासनं शिकवतात. उत्सवाचं नाटक चालू आहे, नट सगळे नवीन. जयराम मास्तर आणि उत्तम दोघंही आहेत. मास्तरांना कमी ऐकू येतं, उत्तमला कमी दिसतं. रोज संध्याकाळी दोघं आमच्या बाल्कांवात येऊन बसतात आणि अंधार पडेपर्यंत बोलतात.